दिसतंय ना? मग आज विचारा

माणकरांनो, आणि माणमध्ये खोली घेऊन राहिलेल्या सगळ्यांनो,

गेल्या आठ-पंधरा दिवसांत तुमच्यापैकी कुणाला ना कुणाला काहीतरी खटकलं असणार. शेजारच्या खोलीतला दिवा सलग तीन रात्री विझलेला नाही. मेसचा डबा न उघडताच परत गेला. पगार होऊन आठवडा झाला नाही, तोवर पोरानं पाचशे रुपये उसने मागितले, आणि मागताना नजर वर केली नाही. तुम्ही ते पाहिलंत. मनात पाल चुकचुकली. मग म्हणालात, जाऊ दे, आपल्याला काय करायचंय.

कृपा करून तिथं थांबू नका. एवढं सांगायलाच हे लिहितोय.

एक मुलगा डोळ्यांपुढे आणा. लातूरकडचा, आयटीआय झालेला, वय बावीस. ठेकेदारामार्फत कारखान्यात लागलेला. बोडकेवाडी फाट्याजवळ चौघांत मिळून एक खोली. रूम पार्टनरला दिसतं की हा दोन-दोन दिवस झोपत नाही आणि मग मेल्यासारखा पडून राहतो. मेसवाल्या काकूंना दिसतं की तीन पोळ्या खाणारा पोरगा अर्ध्या पोळीवर उठतो. सुपरवायझरला दिसतं की सोमवारचा खाडा ठरलेला, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर हात थरथरतात. घरमालकाला दिसतं की भाडं थकलंय, आणि रात्री दीडला कुणीतरी दुचाकीवर येऊन दोन मिनिटांत निघून जातं. गावाकडच्या आईला फोनवर ऐकू येतं की पोरगं फार भरभर बोलतंय, नाहीतर बोलतच नाही.

पाच जणांकडे पाच तुकडे आहेत. पाचही जण शहाणे, पाचही जण मायेचे. पण कुणीच कुणाशी बोलत नाही. काकू म्हणतात, पोरगं आजारी असेल. सुपरवायझर म्हणतो, कामचुकार आहे. मालक म्हणतो, भाडं आलं की झालं. आई म्हणते, लांब राहतो, आठवण येत असेल. नशेचा सगळा धंदा या न बोलण्यावर चालतो. विकणाऱ्याला दुसरं भांडवल लागतच नाही.

असा अमुक एक मुलगा नाही, मी तो रचला आहे. पण वाचताना तुम्हाला कुणाचा तरी चेहरा आठवला असेल, तर ज्याच्यासाठी हे लिहिलं तो तोच. कदाचित तो मुलगा नसून मुलगी असेल. कारखान्याऐवजी आयटी पार्कच्या फेज थ्रीमधल्या काचेच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर रात्रपाळी करत असेल. परका नसेल, तुमच्याच घरातला असेल.

हे संकट मुंबई-गोव्याच्या पार्ट्यांत आहे, आपल्या शिवारात नाही, असं मानू नका. ऑक्टोबर 2020 मध्ये चाकणजवळ शेलपिंपळगावला पोलिसांनी एक गाडी अडवली. तिच्यात एमडी नावाचं 20 किलो अमली द्रव्य निघालं, किंमत 20 कोटी रुपये. तपास पुढं सरकला तेव्हा कळलं की हा माल रांजणगाव एमआयडीसीतल्या एका कंपनीत तयार झाला होता. याच प्रकरणातला आरोपी ललित पाटील 2 ऑक्टोबर 2023 ला ससून रुग्णालयातून पळाला, आणि त्याच महिन्यात नाशिकजवळच्या शिंदे गावातला एमडीचा कारखाना उघडकीला आला. फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी दौंड तालुक्यात, कुरकुंभ एमआयडीसीत छापा घातला. तिथून दिल्लीपर्यंत धागा लागला. सगळा मिळून 1,700 किलोंहून जास्त माल, 3,500 कोटींहून जास्त किमतीचा. पुढच्याच महिन्यात, मार्च 2024 मध्ये, पिंपरी-चिंचवड पोलिसांनी एमडीच्या प्रकरणात आपल्याच एका उपनिरीक्षकाला अटक केली.

नीट पाहा, कुठली गावं आहेत ही. चाकण, रांजणगाव, कुरकुंभ. ज्या पट्ट्यानं आपल्या पोरांना नोकऱ्या दिल्या, त्याच पट्ट्यातल्या शेडमध्ये हे विष शिजलं. आपल्यासारखेच पाळीत काम करणारे हात त्याला लागले. म्हणून केमिकल कंपन्यांत कामाला असलेल्यांनो, तुम्हाला पहिली विनंती. बंद म्हणून सांगितलेल्या प्लांटमध्ये रात्री रिअ‍ॅक्टर चालू असेल, ड्रमवर लेबल नसेल, माल कुठं जातो हे कुणी सांगत नसेल, तर स्वतः शोधायला जाऊ नका, पण गप्पही बसू नका. 1933 हा अमली पदार्थांची माहिती देण्यासाठीचा सरकारी क्रमांक आहे. माहिती देणाऱ्याचं नाव गुप्त ठेवलं जातं. तो फोन करा.

पण पोलीस पकडतील आणि प्रश्न सुटेल, या भरवशावर राहू नका. ते हजार किलो पकडतील. तुमच्या खोलीतली एक ग्रॅमची पुडी तुम्हालाच दिसणार आहे.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. पांढरी पूड किंवा बारीक खडे. नाकानं ओढतात, पाण्यात किंवा थंड पेयात घालून पितात. फेब्रुवारी 2015 मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आलं. ते पोरांच्या हातात पहिल्यांदा कसं येतं, हे समजून घ्या, कारण ते नशा म्हणून येतच नाही. ‘झोप येणार नाही, डबल पाळी निघेल.’ ‘डेडलाईन आहे ना, हे घे, रात्रभर डोकं चालेल.’ ‘वजन उतरतं याच्यानं.’ ‘ही फुकट घे, आवडली तर बघू.’ पहिली पुडी जवळजवळ कायम ओळखीच्या माणसाकडून येते. मग छाती धडधडते, अंग तापतं, दात आपोआप आवळले जातात, भूक मरते. उतरल्यावर मन खोल खड्ड्यात जातं. तो खड्डा भरायला दुसरी पुडी. काही महिन्यांत संशय सुरू होतो. लोक माझ्याबद्दल बोलतायत, फोन टॅप केलाय, जेवणात काही घातलंय. घरच्यांना वाटतं, पोराला कुणी करणी केली. करणी नाही ती. मेंदू आजारी पडलाय, आणि अशा वेळी जिवाचं बरंवाईट करून घेण्याचा विचारही मनात येतो. तो मरणाबद्दल बोलला तर धमकी समजू नका. त्याला एकटं सोडू नका, आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

दुसरा धोका सुईतून येतो. ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब घसरला तर भूलतज्ज्ञ मेफेंटरमिन नावाचं इंजेक्शन देतात. ते जिममध्ये ‘पंप येतो’ म्हणून चोरून विकलं जातं. पुणे आणि पिंपरी-चिंचवड पोलिसांनी अशा विक्रीवर कारवाया केल्या आहेत. पोराच्या दंडावर टोचल्याच्या खुणा दिसल्या, बॅगेत छोट्या बाटल्या सापडल्या, तर ‘प्रोटीन असेल’ म्हणून सोडून देऊ नका. एकच सुई तिघांत फिरली की एचआयव्ही आणि कावीळही फिरते. मेडिकल दुकानदारांनो, चिठ्ठीशिवाय हे देऊ नका. झोपेच्या गोळ्या देऊ नका. खोकल्याच्या औषधाच्या चार-चार बाटल्या एकाच पोराला देऊ नका. तुमच्याही घरात पोरं आहेत.

आणि दारूचं काय? एमडीच्या बातम्या वाचून हळहळणारे आपण, लग्नाच्या हळदीत पेट्या उतरवतो. मला हे बोचतं, म्हणून बोलतो. 2019 साली केंद्र सरकारनं एम्सकडून करून घेतलेलं देशभराचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. दारूमुळं आलेल्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले लोक देशात सुमारे 5.7 कोटी. दारूशिवाय राहूच न शकणाऱ्या 38 जणांतल्या एकालाच काही उपचार मिळालेले. अमली पदार्थांच्या बाबतीत 20 जणांत एक. बाकीचे कुठं आहेत? घरात आहेत. दाराला कडी लावून, पाहुण्यांना ‘साहेब गावाला गेलेत’ असं सांगून लपवलेले.

आयांनो, बहिणींनो, वडिलांनो, हे लपवणं आता थांबवा. मला माहीत आहे तुम्ही का लपवता. धाकट्या बहिणीचं लग्न व्हायचंय. भावकीत तोंड दाखवायचंय. जमीन गेली तेव्हा आलेले पैसे पोरानं उडवले, हे कुणाला सांगणार? एमआयडीसी आली, आयटी पार्क आला, माणमध्ये शेतकऱ्याचा घरमालक झाला. पैसा आला तसा पैशाच्या मागं लागणाराही आला. यात तुमची लाज कसली? साखरेचा आजार झाला तर लपवता का? हृदयाचा झटका आला तर ‘भावकीला कळू देऊ नका’ म्हणता का? व्यसन हाही आजार आहे, हे डॉक्टर सांगतात, आणि आता कायदाही सांगतो. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांमुळं होणारे मनाचे विकार आजारांत धरले आहेत. सरकारी दवाखान्यात त्यांवर उपचार मिळणं हा तुमचा हक्क आहे.

त्याहून जास्त कळकळीनं एक सांगतो. त्याचं लग्न लावून देऊ नका. ‘बायको आली की सुधारेल’ हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की आता ऐकलं की अंगावर काटा येतो. तुमच्या पोराच्या आजारावर दुसऱ्याची पोर हे औषध नाही. ती बिचारी साताऱ्याहून, नगरहून येईल, चार महिन्यांत मंगळसूत्र गहाण पडलेलं पाहील, मार खाईल, आणि मग तुम्हीच म्हणाल, हिनं नीट सांभाळलं नाही. एक आजारी माणूस होता, आता दोन दुःखी आहेत, वर एखादं लेकरू. लग्न ठरलं असेल तर पुढं ढकला. मुलीकडच्यांना खरं सांगा. आधी उपचार, मग वर्षभर स्वच्छ राहणं, मग बोलणी. आणि ज्यांच्या घरी मुलगी द्यायची आहे, त्यांनी पगाराच्या स्लिपबरोबर हेही विचारायला लाजू नये.

भिंतीवरच्या जाहिराती वाचून ‘न कळत दारू सोडवणारी’ पूड चहात कालवू नका. त्यात दारूशी वाकडं असलेलं औषध असू शकतं. त्यावर तो दारू प्यायला तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतेल. खोलीत कोंडू नका. मारू नका. शपथा घालून घालून स्वतःला फसवू नका. आपण देहू-आळंदीच्या शेजारचे. माळ घातली आणि बाटली सुटली, अशी माणसं आपल्या ओळखीत आहेत, त्यांना माझा नमस्कार. माळ जरूर घाला. पण रोज खंबा पिणाऱ्यानं ती अचानक बंद केली, तर दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावूही शकतो. म्हणून माळेआधी डॉक्टर. दोन्हींचं वैर नाही.

पैसे देणं बंद करा, हे ऐकायला कठोर वाटेल. त्याला जेवू घाला, कपडे धुवून द्या, दवाखान्याचं बिल भरा. पण हातात रोकड देऊ नका. त्याची उधारी गुपचूप फेडू नका. त्याच्या वतीनं सुपरवायझरला ‘ताप आलाय’ असा फोन करू नका. तुम्ही मायेनं केलेला तो फोन त्याला आणखी एक महिना त्याच जागी ठेवतो.

मग कुठं जायचं? पुणेकरांना यासाठी लांब जावं लागत नाही, हे आपलं नशीब. 1980 च्या दशकात पुण्या-मुंबईत गर्दची, म्हणजे ब्राऊन शुगरची, लाट आली. डॉ. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या पोरांबद्दल लिहिलं. ते वाचून पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले आणि त्यांनी एक लाख रुपये पुढं केले. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. 29 ऑगस्ट 1986 ला तिथंच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. अनिताताई 1997 साली गेल्या, डॉ. अवचट 2022 च्या जानेवारीत गेले. काम थांबलं नाही. त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर ते पुढं नेते आहे. तिथं 35 दिवस राहून उपचार होतात, घरच्यांनाही समजावलं जातं, बायकांचा वेगळा गट चालतो. समुपदेशकांत स्वतः व्यसनातून बाहेर आलेले लोक आहेत. समोर बसलेल्या पोराला ते म्हणू शकतात, मीही तुझ्याच जागी होतो. डॉक्टरच्या शंभर चिठ्ठ्यांत ती ताकद नाही.

मुक्तांगणला जाणं लगेच जमत नसेल, तर पिंपरीचं वायसीएम रुग्णालय आहे, औंधचं जिल्हा रुग्णालय आहे, ससून आहे. तिथल्या मानसोपचार विभागात केसपेपर काढा. ईएसआयचं कार्ड असेल तर ईएसआयच्या डॉक्टरला आधी दाखवा. काहीच सुचत नसेल तर 14446 लावा. व्यसनमुक्तीसाठीचा हा राष्ट्रीय क्रमांक आहे. मन फार खचलं असेल तर टेलिमानसचा 14416. दोन्ही फुकट.

एक सावधगिरी मात्र बाळगा. गल्लीबोळात ‘व्यसनमुक्ती केंद्र’ अशा पाट्या लागल्यात. काही चांगली आहेत. काही ठिकाणी पोरांना बांधून ठेवतात, मारतात, महिनोन्‌महिने घरच्यांना भेटू देत नाहीत. पैसे भरण्याआधी स्वतः जाऊन या. नोंदणीचा कागद मागा. डॉक्टर कधी येतात, विचारा. आत असलेल्या रुग्णांशी बोलू देत नसतील, तर आल्या पावली परत फिरा.

‘दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल’ ही भीती सगळ्यांत जास्त लोकांना अडवते. ती मनातून काढा. अमली पदार्थविरोधी कायद्याचं 64-अ हे कलम नेमकं तुमच्यासाठीच आहे. फक्त सेवन केलं किंवा थोडासा माल जवळ सापडला असा आरोप असलेला व्यसनी माणूस आपणहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट टाकले तर हे संरक्षण जाऊ शकतं. विकणाऱ्याला ही सवलत नाही, आणि नसावीच.

आता कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या मालकांनो, मॅनेजरांनो, ठेकेदारांनो, तुमच्याशी बोलतो. पॉवर प्रेसवर बोटं जातात, हे या पट्ट्यात कुणाला सांगावं लागत नाही. दोन रात्री न झोपलेला माणूस त्या प्रेससमोर उभा आहे. तो फोर्कलिफ्ट चालवतोय. तो कंपनीच्या बसचा ड्रायव्हर आहे आणि बसमध्ये चाळीस जण झोपलेत. तुम्ही त्याला ओळखलंत तर काय करता? गेटपास काढून घेता. तो गेला की तुमच्या रजिस्टरातला प्रश्न मिटला. पण तो कुठं जातो? पुढच्या चौकात, दुसऱ्या ठेकेदाराकडे, दुसऱ्या प्रेससमोर. उद्या तुमच्या बसला धडकणारा टेम्पो तोच चालवत असेल.

म्हणून काढून टाकू नका, आधी थांबवा. आजच्या दिवस मशीनवरून उतरवा. त्याच्या दुचाकीची चावी काढून घ्या आणि सोबत माणूस देऊन घरी पाठवा. चारचौघांत ‘नशेडी’ म्हणू नका. सुपरवायझरनं डॉक्टर व्हायचं नाही. त्यानं फक्त दिसलं ते लिहायचं: किती खाडे, कुठली चूक, कधी हात थरथरला. मग बंद खोलीत बसवून विचारायचं. आणि एक नियम करून नोटीस बोर्डावर लावा. जो आपणहून येऊन सांगेल, ‘मला मदत पाहिजे’, त्याला उपचारासाठी रजा मिळेल आणि परतल्यावर काम मिळेल. कायम कामगाराला मिळेल तसं कंत्राटी कामगारालाही. ठेकेदाराच्या माणसाला हा नियम लागू नसेल, तर तो केलाच नाही असं समजा, कारण लाईनवर उभे असतात त्यांत ठेकेदाराचेच बरेच असतात.

आणि बारा-बारा तासांच्या पाळ्या? दुसरी पाळी संपवून चार तासांत पहिलीला हजर? रविवारीही लॅपटॉप उघडा? माणसाला झोपू द्यायचं नाही आणि तो जागं राहायची पूड शोधतो म्हणून वर त्यालाच बोल लावायचा, हे बरोबर नाही. पाळीचा तक्ता तुमच्या हातात आहे. तो बदला. पोस्टर लावण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

उपचारानंतर परत आलेल्या माणसाचं काय करता, यावर सगळं अवलंबून आहे. तो पुन्हा घसरू शकतो. घसरला तर सगळं वाया गेलं असं समजू नका. हा आजार असाच उलटतो. पण एक ध्यानात ठेवा. काही दिवस थांबलेल्या माणसाचं शरीर पूर्वीचा डोस पेलू शकत नाही. गर्द किंवा गोळ्या घेणारा परत त्याच मापानं घेतो आणि श्वास मंदावतो. ओठ निळे पडतात, हाका मारून उठत नाही. घोरतोय, झोपलाय, म्हणून पांघरूण घालून दार ओढून घेऊ नका. कुशीवर वळवा. 108 लावा. ‘काय घेतलं’ हे डॉक्टरला खरं सांगा. रूम पार्टनरांनो, हे खास तुमच्यासाठी. घाबरून पळून जाऊ नका. त्या दहा मिनिटांत त्याच्याजवळ फक्त तुम्ही असता.

घरमालकांनो, भाडेकरूची पोलिसात नोंद केलीत, चांगलं केलंत. पण त्याच्या घरचा एक नंबर तुमच्या वहीत आहे का? नसेल तर या रविवारी प्रत्येक खोलीतून घ्या. आईचा, भावाचा, मामाचा, कुणाचाही. पोरगं वेगळं वागतंय असं वाटलं तर खोली खाली करायला सांगण्याआधी त्या नंबरवर बोला. ‘ताई, मी पुण्याहून बोलतोय, तुमच्या मुलाचा घरमालक. काळजी वाटली म्हणून फोन केला. एकदा येऊन जा.’ एवढंच. मेसवाल्या काकूंनो, डबा तीन दिवस तसाच परत आला की मालकाला सांगा. मंडळाच्या पोरांनो, यंदाच्या वर्गणीतून एक दिवस मानसोपचारतज्ज्ञांना बोलवा. आणि ते बोलायला उभे राहिले की डीजे बंद ठेवा. सरपंच आणि सदस्यांनो, ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या. गावात किती घरं यात अडकलीत हे विचारू नका, कुणी हात वर करणार नाही. त्यापेक्षा दवाखान्यात सोबत यायला कोण कोण तयार आहे, हे विचारा. त्यासाठी मात्र हात वर होतील.

आणि तुम्ही, ज्यांना सुरुवातीला तो चेहरा आठवला. शनिवारची वाट पाहू नका. खात्री पटायची वाट पाहू नका, ती पटेल तेव्हा फार उशीर झालेला असेल. तो शुद्धीत असेल अशी वेळ साधा. शक्यतो सकाळची. आरडाओरडा नको, भाषण नको. पुरावे समोर मांडून त्याला कोपऱ्यात गाठू नका. शेजारी बसा आणि दिसलं तेवढंच म्हणा. ‘तू झोपत नाहीस. जेवत नाहीस. मला भीती वाटतेय. काय घेतोयस, सांग. मी रागावणार नाही. उद्या आपण दोघं दवाखान्यात जाऊ.’ तो नाही म्हणेल. चिडेल. तुमच्यावरच उलटेल. दोन दिवसांनी पुन्हा विचारा. तेव्हाही नाही म्हणाला, तर तुम्ही एकटेच 14446 ला फोन करा किंवा दवाखान्यात जा आणि पुढं काय करायचं ते विचारून या. रुग्ण तयार नसला तरी घरच्यांना तिथं सल्ला मिळतो.

मुलगा लांब असेल तर आत्ता फोन लावा. त्यानं उचलला नाही, तर त्याच्या रूम पार्टनरला लावा. त्याचा नंबर तुमच्याकडे नसेल, तर आज तोच पहिला मिळवा.